ट्रॅक्टरवाल्याचा बदला: एका फॉरवर्डची झडती

हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. एक गरीब ट्रॅक्टर मेकॅनिक आपल्या फेरारीची तक्रार घेऊन फेरारी कंपनीचा संस्थापक एन्झो फेरारीकडे गेला. "तू ट्रॅक्टरच चालव, फेरारी तुझं काम नाही," असं म्हणून एन्झोने त्याला हाकलून दिलं. पेटून उठलेल्या मेकॅनिकने चार महिन्यांत स्वतःच्या हाताने गाडी बनवली, जगात पहिल्यांदा इंजिन सीटमागे बसवलं, शर्यतीत फेरारीला धूळ चारली आणि लॅम्बोर्गिनीचा जन्म झाला. शेवटी "अपमान गिळा, उत्तर कामातून द्या" आणि हात जोडलेले तीन इमोजी.

आता एकेक मुद्दा घेऊ.

गरीब मेकॅनिक? अहो, फेरारी विकत घेणारा माणूस गरीब कसा असेल? हा मेकॅनिक म्हणजे फेरुच्चो लॅम्बोर्गिनी. तो शेतकऱ्याच्या घरात, 1916 साली इटलीतल्या रेनाझ्झो गावात जन्मला आणि महायुद्धात रोड्स बेटावर लष्करी वाहनं दुरुस्त करत होता, इथपर्यंत खरं. पण युद्धानंतर मोडीत निघालेल्या लष्करी गाड्यांचे भाग जुळवून त्याने ट्रॅक्टर बनवायला घेतले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो इटलीतला नावाजलेला ट्रॅक्टर कारखानदार होता. शिवाय बर्नर आणि एअर कंडिशनरचा धंदा वेगळा. त्याच्याकडे एक नव्हे, अनेक महागड्या गाड्या होत्या.

अपमानाचा प्रसंग खोटाच आहे असं मी म्हणणार नाही. फेरुच्चोने उतारवयात तो स्वतः सांगितला आहे. पण सांगणारा तोच, त्यामुळे संवाद शब्दशः उद्धृत करताना जरा हात आखडता घ्यावा. त्याच आठवणींत आणखी एक तपशील येतो आणि फॉरवर्डवाले नेमका तो गाळतात. फेरारीचा सारखा बिघडणारा क्लच त्याने आपल्या कारखान्यात उघडून पाहिला, तर आपल्या ट्रॅक्टरला बसतो तसलाच माल. फेरारीवाले मात्र त्याचे कितीतरी पट पैसे लावत होते. कारखानदाराच्या डोक्यात त्या क्षणी रागासोबत हिशोबही चालू झाला असणार. मला तरी हिशोबाचा भाग जास्त पटतो.

सगळ्यात जास्त राग येतो तो "स्वतःच्या हाताने" या शब्दांचा. 1961 च्या अखेरीस फेरारीतले बडे अधिकारी आणि इंजिनिअर एकदम बाहेर पडले होते. त्यातला एक जोत्तो बिझारिनी, फेरारीची शर्यतीची गाडी 250 जीटीओ हिच्या मागचा माणूस. फेरुच्चोने व्ही12, म्हणजे बारा सिलिंडरच्या इंजिनाचं काम त्याला दिलं. फेरारीच्या इंजिनापेक्षा जितके हॉर्सपॉवर जास्त तितके पैसे जास्त, असा करार होता म्हणतात. बिझारिनीने मग 3.5 लिटरचं जे इंजिन उभं केलं ते अस्सल शर्यतीचं होतं. सिलिंडरच्या प्रत्येक रांगेवर दोन, म्हणजे एकूण चार कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे). फेरारीच्या रस्त्यावरच्या व्ही12 ला तेव्हा दोनच असत. फेरुच्चोला मात्र सूट घालून मिलानहून रोमला जाता येईल अशी गाडी हवी होती. दोघांचं फाटलं. मग जानपाओलो दालारा आणि पाओलो स्तांझानी या विशी-पंचविशीतल्या पोरांनी ते इंजिन माणसाळवलं. कार्ब्युरेटर बदलले, ड्राय संप (तेल वेगळ्या टाकीत ठेवायची शर्यतीची पद्धत) काढला, ताकद उतरवली.

आणि चार महिन्यांची ती गाडी? ऑक्टोबर 1963 मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात 350 जीटीव्ही ही नमुना गाडी मांडली, तेव्हा इंजिन बॉनेटखाली मावतच नव्हतं. इंजिनाचं वजन आहे असं भासावं म्हणून आत फरशा भरल्या आणि बॉनेट बंद ठेवलं! पहिली खरी गाडी, 350 जीटी, आली 1964 मध्ये, तीही तूरिंग या बॉडी बनवणाऱ्या कंपनीने बॉडी नव्याने घडवल्यावर. ते इंजिन मात्र वाढत, सुधारत 2010 पर्यंत, लॅम्बोर्गिनीच्या मुर्सिएलागो मॉडेलच्या शेवटापर्यंत चाललं. फॉरवर्डमध्ये बिझारिनीचं नावसुद्धा नाही.

सीटमागचं इंजिन जगात पहिलं? नाही. शर्यतीत कूपर या ब्रिटिश कंपनीने पन्नासच्या दशकातच ते जमवलं होतं, फ्रान्सची जेत ही छोटी गाडी रस्त्यावर आली होती, खुद्द फेरारीची 250 एलएम 1963 मध्ये तयार होती. लॅम्बोर्गिनीने सीटमागे इंजिन बसवलं ते मिउरा या गाडीत, आणि तिचं मोठेपण वेगळ्याच गोष्टीत आहे. 1966 च्या जिनिव्हा प्रदर्शनात लोकांनी पाहिलं ते असं: बारा सिलिंडरचं इंजिन सीटमागे आडवं, गिअरबॉक्स त्याच्याच ओतकामात, दोघांना तेलही एकच. आडव्या इंजिनाची कल्पना मिनीसारख्या किरकोळ गाडीवरून सुचलेली. वर बेर्तोने या डिझाइन कंपनीच्या मार्चेल्लो गांदिनीने, वय वर्षं 27, अशी बॉडी चढवली की दिव्यांभोवती काळ्या पापण्या, मागे काचेऐवजी पट्ट्यांची झिलमिल आणि उंची जेमतेम एकशे पाच सेंटिमीटर. दोषही होतेच. पेट्रोलची टाकी पुढे असल्याने ती रिकामी होत आली की भरवेगात नाक उचलायचं. शिवाय कार्ब्युरेटरमध्ये साचलेलं पेट्रोल भडकायचं. तरी तिच्याइतकी देखणी गाडी मी दुसरी मानत नाही.

शर्यतीत धूळ चारली हा दावा तर साफ उलटा आहे. फेरुच्चोला शर्यत नकोच होती. टेस्ट ड्रायव्हर बॉब वॉलेसने 1970 मध्ये शर्यतीच्या नियमांत बसेल अशी मिउरा, म्हणजे योता, बनवली. तीही कधी मैदानात उतरली नाही, विकली गेली आणि अपघातात जळाली. शर्यतीचा ध्यास असलेला दालारा कंपनी सोडून गेला. आज इंडीकार या अमेरिकी शर्यत मालिकेच्या सगळ्या गाड्यांची चॅसी (सांगाडा) त्याची कंपनी बनवते. फॉर्म्युला वनमध्ये लॅम्बोर्गिनीचं इंजिन 1989 ते 1993 धावलं, सर्वोत्तम निकाल 1990 मध्ये जपानच्या सुझुका ट्रॅकवर ड्रायव्हर अगुरी सुझुकीचा तिसरा नंबर. गंमत म्हणजे ते इंजिन बनवणारा माउरो फोर्गिएरी हासुद्धा फेरारीचाच जुना माणूस. इकडे फेरारीने 1960 ते 1965 अशी लागोपाठ सहा वर्षं ल मां ही फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत जिंकली होती.

काही आवृत्त्यांत "आजही हे घराणं फेरारीला टक्कर देतंय" असंही असतं. फेरुच्चोने 1972 ते 1974 दरम्यान आपला सगळा हिस्सा विकला आणि इटलीतल्या उंब्रियात द्राक्षमळा लावला. 1978 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं, मालक बदलत गेले, 1998 पासून ती आउडीकडे आहे.

बदल्याचीच गोष्ट पाठवायची असेल तर 1963 सालचीच दुसरी आहे. अमेरिकेची फोर्ड कंपनी फेरारीला विकत घेणार होती. शर्यतीच्या संघावर ताबा कुणाचा यावरून एन्झोने ऐनवेळी सौदा मोडला. चिडलेल्या हेन्री फोर्ड दुसऱ्याने पैसा ओतला आणि 1966 च्या ल मांमध्ये पहिल्या तिन्ही गाड्या फोर्ड जीटी40 होत्या.