एका मार्कासाठी मड्डम

25. टोफेल नावाच्या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याला तीसपैकी 25. पहिल्या खेपेलाही 25 आणि दुसऱ्या खेपेलाही 25. विद्यापीठाला हवेत 26. या एका मार्कापायी माझं टीएपद, म्हणजे टीचिंग असिस्टंटचं काम, अडकलंय. टीएपद अडकलं की पगार अडकला, पगार अडकला की फीसुद्धा. अमेरिकेत पीएचडी करणाऱ्या आमच्यासारख्यांचं पोट त्यावरच चालतं: पहिल्या वर्षाच्या पोरांच्या प्रॅक्टिकलला उभं राहायचं, गणितं सोडवून दाखवायची, पेपरांचे गठ्ठे तपासायचे, त्या बदल्यात फी माफ आणि महिन्याच्या खर्चाला पैसे. प्रवेश मिळालाय बरं का. मला फिजिक्स येतं यावर त्यांचा विश्वास बसला. तोंड उघडता येतं यावर बसत नाहीये.

गंमत बघा. प्रवेशाच्या वेळी टोफेल मागितलीच नव्हती. बीएस्सी, एमएस्सी दोन्ही इंग्रजीतून झालं असा कॉलेजचा सहीशिक्क्याचा दाखला चालला. टीएच्या फॉर्मवर तोच दाखला रद्दी! इथे बोलण्याचा वेगळा पुरावा द्या म्हणे. ज्यांना माफी आहे अशा देशांची यादी आहे, तीत न्यूझीलंड आहे, जमैका आहे. भारत नाही.

घरी काय सांगायचं? इथे इंदूरच्या रामबागेतल्या काकू आल्या, चहाचा कप हातात धरून म्हणाल्या, "अगं, केजीपासून इंग्लिश मिडियमला घातलं होतं ना तुला? मग एवढी फी भरली ती कशासाठी?" काकूंना काय उत्तर द्यायचं! मी खारी बुडवली आणि गप्प बसले. दोन खेपांचे मिळून तीस हजारांच्या वर गेलेत, हे तर बाबांनी काकूंपासून लपवूनच ठेवलंय.

त्या दोन्ही खेपांना परीक्षा कशी होती ते एकदा ऐका. एका खोलीत ओळीनं कॉम्प्युटर, मधे पुठ्ठ्याएवढं पार्टिशन, कानाला हेडफोन. माइक तपासायला म्हणून सगळ्यांना एकच सांगतात: तुम्ही राहता त्या शहराचं वर्णन करा. झालं! दहा जण एकदम इंदूर सांगायला लागतात. एक भिया पोह्यांवर, एक मुलगी सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीवर, आणि तीन जण एका सुरात 'क्लीनेस्ट सिटी'. ही नुसती माइकची तपासणी, हिचे मार्कही नाहीत. पण खरे प्रश्न आल्यावरही तोच बाजार. मला विचार करायला 15 सेकंद होती, बोलायला 45. समोर माणूस नाही, उलटं पळणारं घड्याळ. शेजारचा गडी 'इन माय ओपिनियन' असा ओरडला की माझं ओपिनियन पार गळून पडलं. पाच सेकंद उरली असताना मी 'सेकंडली' म्हणाले. सेकंडलीच्या पुढे काहीच नव्हतं.

यावरून माझं शिकवणं ठरणार.

अहो, भंवरकुआंला कोचिंगमध्ये तीन वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलंय मी. धारची पोरं, खरगोनची पोरं, कुणाच्या घरी माळवी, कुणाच्या निमाडी, पुस्तक इंग्रजी. मी घरात मराठी, वर्गात निम्मं हिंदी निम्मं इंग्रजी. मागच्या बाकावर एक मुलगा वहीवर पेन आडवा ठेवून बसायचा. पेन आडवा म्हणजे डोक्यात काही शिरलं नाही. ते दिसलं की मी फळा पुसायची, दुपट्ट्याचं एक टोक दाराच्या कडीला बांधायची आणि झटका देऊन लाट दाखवायची. त्यानं पेन उचलला की पुढे. हे त्या हेडफोनमध्ये कुठून दिसणार? कुणाचा पेन आडवा आहे हे ओळखायला किती मार्क?

माझ्या उच्चारात खोट नाही असं मी म्हणत नाही. आपला 'व' ना इकडचा ना तिकडचा. आणि माझं नशीब असं की मला शिकवायची 'वेव्ह व्हेलॉसिटी'! पहिल्याला ओठांचा चंबू, दुसऱ्याला खालच्या ओठावर दात, पुन्हा मधल्या 'व्ह'लाही दात. तीनदा घाईनं म्हणून बघा, मग माझ्याशी बोला. शिवाय आपण 'डेव्हलपमेंट'ची सगळी अक्षरं एकाच तागडीत तोलतो. इंग्रजीत एकावर जोर द्यायचा आणि बाकीची गिळायची. ते शिकायला हवं, शिकते आहे. (बाकी 'झिरो' आम्हा मराठी लोकांना जन्मजात येतो, आमच्या 'ज'ला दोन चेहरे आहेत. त्याचे मार्क कुणी देत नाही.)

नियमच नको असंही माझं म्हणणं नाही. कर्ज काढून फी भरणाऱ्या पोराला मास्तरचं बोलणं कळलंच पाहिजे. तिकडे पालकांनी नि विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला म्हणून 1980च्या दशकापासून बऱ्याच राज्यांनी कायदेच केले, शिकवणाऱ्याला इंग्रजी नीट बोलता आलंच पाहिजे असे. पेनसिल्व्हेनियाचा 1990चा आहे. ठीक. पण कळणं हे दोघांचं काम ना? परीक्षा फक्त बोलणाऱ्याचीच का?

हे माझ्या मनाचं नाही. जॉर्जिया विद्यापीठातल्या डोनाल्ड रुबिन यांचा 1992 चा अभ्यास आहे. विद्यार्थ्यांना एक व्याख्यान ध्वनिमुद्रित करून ऐकवलं. आवाज एकाच बाईचा, बाई अस्सल अमेरिकन. फक्त समोर फोटो दाखवला तो काहींना गोऱ्या बाईचा, काहींना आशियाई बाईचा. आशियाई चेहरा बघणाऱ्यांना त्याच आवाजात परदेशी उच्चार ऐकू आले, आणि व्याख्यान कमी समजलं ते वेगळंच! म्हणजे मी उद्या अगदी त्यांच्या टीव्हीवरच्या निवेदिकेसारखं बोलले तरी माझ्या तोंडाचं काय करू? ते 26 मध्ये बसतं का?

काही विद्यापीठं निदान स्वतःची परीक्षा घेतात, पर्ड्यूची ओईपीटी आहे तशी. तिथे शिकवण्याच्या कामाशी जुळणारे प्रश्न तरी असतात. आमच्याकडे मात्र टोफेलचा आकडा दाखवा, नाहीतर पहिलं सत्र नुसते पेपर तपासा आणि संध्याकाळी इंग्रजीच्या वर्गाला बसा. पेपर तपासण्याचे पैसे निम्मे. घरभाडं मात्र पूर्ण.

त्यात जानेवारी 2026 पासून टोफेलनं मोजपट्टीच बदलली. तीस गेले, आता 1 ते 6. विद्यापीठाला मेल टाकली की बाई गं, तुमचे 26 आता नव्या हिशेबात किती? उत्तर आलं, त्यात तीन लिंका होत्या आणि आकडा एकही नव्हता. बोलायच्या प्रश्नांचं स्वरूपही बदललंय. आता आधी वाक्य ऐकायचं आणि जसंच्या तसं म्हणायचं. एकामागून एक सात वाक्यं. मग मुलाखत, चार प्रश्न, विचार करायला 15 सेकंदही नाहीत. मी एमएस्सी फिजिक्स. मी सात वाक्यं मागून म्हणणार.

शनिवारी तिसरी खेप. काल संध्याकाळी गॅलरीत हेडफोन लावून सराव करत होते. कानात कुणी वाचनालयाच्या वेळा सांगत होतं, मी त्या मोठ्यानं म्हणत होते. दादाचा चिंटू शाळेची वही घेऊन बाजूला येऊन बसला. दोन वाक्यं ऐकली, मग माझा हेडफोन एका बाजूनं उचलून त्यानं विचारलं,

"आत्या, तुला पण मिस मागून म्हणायला लावते?"