न्यूटन खोटा ठरला म्हणे!

काल रात्री भाचीने एक फॉरवर्ड पाठवला. खाली तिचा प्रश्न: ‘मावशी, खरंय का गं? मग मी मेकॅनिक्स कशाला घासतेय?’ ती एफवायबीएस्सीला आहे आणि परवा पेपर.

फॉरवर्डचं म्हणणं असं: आइन्स्टाइनने न्यूटनला खोटं पाडलं, तरी कॉलेजं न्यूटनचं तेच शिळं मेकॅनिक्स (गती आणि बलाचं शास्त्र) माथी मारतात. आइन्स्टाइनची सापेक्षता ‘नुसती थिअरी’, तिला नोबेलही नाही. आणि वेव्ह्ज (लहरी) हा विषय म्हणजे दोरी हलवल्याची चित्रं. शेवटी ‘जागे व्हा’.

नोबेलचं खरंय, नाइलाज आहे. आइन्स्टाइनचं १९२१चं पारितोषिक मुख्यतः फोटोइलेक्ट्रिक इफेक्टसाठी (प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात, त्याच्या नियमासाठी) होतं. वेव्ह्जसाठी एकच सांगते: सुरेल नादासाठी तबल्याला शाई का लागते, ते लहरींचंच गणित सी. व्ही. रामन यांनी १९२०मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडलंय. दोरीच्या चित्रांपासूनच तिथवर जातात.

आता ‘नुसती थिअरी’. जीपीएसचा आयएस-जीपीएस-२०० हा तांत्रिक दस्तऐवज कुणालाही फुकट वाचता येतो. उपग्रहातल्या घड्याळाची वारंवारिता (सेकंदाला किती ठोके) जमिनीवरून १०.२३ मेगाहर्ट्झ दिसावी म्हणून वर ती १०.२२९९९९९९५४३ ठेवतात, आणि कारण म्हणून त्यात सरळ सापेक्षतेचं नाव आहे. हे केलं नाही तर घड्याळ रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जाईल. तेवढ्यात प्रकाश ११ किलोमीटर जातो. मेसेज लिहिणारे महाशय त्याच जीपीएसवर रिक्षा बोलावत असणार.

पण खरा संताप न्यूटनवरून. ताशी १०० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीचा संवेग (मोमेंटम) न्यूटन आणि आइन्स्टाइन दोघांच्या सूत्रांनी काढा, एका उत्तराला दुसऱ्याने भागा; १ पासूनचा फरक पंधराव्या दशांश स्थळी दिसेल. याला खोटं पाडणं म्हणतात? बुध ग्रहाच्या कक्षेत न्यूटन कमी पडतो, कबूल. पण पोरांना मेकॅनिक्स सोडायला सांगणारा त्यांची सापेक्षताही बुडवतोय.

भाचीला फोनवरच गणित घातलं. जीपीएसचा उपग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून साधारण २६,६०० किलोमीटरवर. गुरुत्वाकर्षण बरोबर अभिकेंद्री बल (वर्तुळात फिरत ठेवणारं बल) मांड, वेग काढ. पाच मिनिटांनी वहीचा फोटो आला, कोपऱ्यात चहाचा डाग: सेकंदाला ३.९ किलोमीटर. हा सगळा न्यूटन. आता सापेक्षता, वेगामुळे घड्याळ रोज किती मागे पडतं ते: वेगाचा वर्ग भागिले प्रकाशवेगाच्या वर्गाची दुप्पट, गुणिले दिवसाचे ८६,४०० सेकंद.

‘सात मायक्रोसेकंद आले. पण तू तर ३८ म्हणालीस!’

वेगामुळे घड्याळ ७ ने मागे पडतं, उंचीमुळे ४५ ने पुढे जातं. ते ४५ कुठून आले, ते पेपर झाल्यावर.