वसईचा गोन्सालो आणि नागासाकीतली आमची शाळा

आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय गं, मिस्सा मिळते का तिथं?" मिळते आई, चर्चमधली ही उपासना इथे दर रविवारी मिळते, आणि गंमत म्हणजे आख्ख्या जपानात ख्रिस्ती माणसं जेमतेम एक टक्का असली तरी आम्ही नेमके नागासाकीकडे आलोय जिथे गावोगावी चर्चं आहेत. दुसरा प्रश्न आईचा नसतो, मामा, मावशी, वाडीतले शेजारी यांचा असतो. "मग इंग्रजी शिकवता शिकवता धर्माचं काम पण करता ना?" या प्रश्नाचं उत्तर फोनवर कधीच पूर्ण होत नाही म्हणून आज सविस्तर लिहितेय. लांबलंय, पण वाचा.

आम्ही दोघं वसईचे, दोघंही मराठी माध्यमात शिकलेलो. इथे नागासाकी प्रांतातल्या एका छोट्या गावात राहून तीन वर्षं झाली. मी प्राथमिक शाळेत, नवरा मिडल स्कूलला. आमच्या पोस्टला एएलटी म्हणतात, म्हणजे वर्गाचे मुख्य शिक्षक जपानीच, आम्ही त्यांच्या जोडीला उभं राहून बोलायचं, उच्चार घ्यायचे, मुलांना बोलतं करायचं. 2020 पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झालाय, मार्क असलेला, त्यामुळे काम भरपूर आहे.

नोकरी शोधताना एका कंपनीच्या इंटरव्ह्यूमध्ये मला विचारलं होतं की तुम्ही घरी कुठली भाषा बोलता. मी मराठी म्हणाले आणि समोरच्या बाईंचा चेहरा पडला, त्यांना जन्मापासून इंग्रजी बोलणारा माणूस हवा होता. तेव्हा फार लागलं होतं मला ते, घरी येऊन रडले होते. पण आज तीन वर्षांनी ठामपणे सांगते, इंग्रजी मागाहून शिकलेल्या माणसाला मूल कुठे अडतंय ते आधी कळतं. इथली मुलं 'मिल्क'ला 'मिरुकु' म्हणतात, शब्दाच्या शेवटी स्वर लावल्याशिवाय त्यांची जीभ थांबतच नाही. त्यात चूक काही नाही, ती त्यांच्या भाषेची सवय आहे. माझी आजी स्टेशनला ठेसन म्हणायची, तिची जीभ काय जड होती का? मराठीच्या तोंडाला तो शब्द जसा बसला तसा तिने बसवला.

आणि मुलं चुकायला फार घाबरतात. प्रश्न विचारला की तीस मुलांचा वर्ग एकदम गप्प. उत्तर येत असतं पण सगळ्यांसमोर चुकलं तर काय. पाचवीतली एक मुलगी तर पहिलं आख्खं सत्र माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. इथे जेवणानंतर शाळा साफ करायचा तास असतो, मुलं आणि शिक्षक सगळे मिळून झाडू, फडकं घेऊन लागतात. एक दिवस ती मुलगी आणि मी शेजारी शेजारी गुडघ्यावर बसून कॉरिडॉरची फरशी पुसत होतो, तिने हातातलं फडकं वर धरलं आणि जपानीत विचारलं, सेन्सेई (म्हणजे बाई), तुमच्या भाषेत याला काय म्हणतात? मी म्हटलं फडकं. तिने दोनदा म्हणून बघितलं, 'फुदाका' असं काहीतरी झालं, मी म्हटलं छान. मग मी तिला विचारलं तुमच्यात काय म्हणतात, ती म्हणाली झोकिन, मी म्हटलं झोकिन, तिने मान हलवून माझा 'झो' दुरुस्त केला, लांब म्हण म्हणाली. मी लांब म्हटला, तशी ती हसली. पुढच्या इंग्रजीच्या तासाला तिने हात वर केला. एकच वाक्य बोलली, तेही हळू आवाजात, पण बोलली. मी आधी तिच्यासमोर चुकले, तिने मला शिकवलं, म्हणून ते झालं असं मला वाटतं.

तर धर्माचं काम. सरकारी शाळेत धर्माचं शिक्षण द्यायचं नाही हे जपानच्या संविधानातच लिहिलंय आणि आम्ही ते मनापासून पाळतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत तेच राहील. इंग्रजीचा तास दाखवायचा आणि आत बायबल ठेवायचं हे मला पटत नाही. मूल भाषा शिकायला आलंय, आईबापांनी विश्वासाने पाठवलंय, तर भाषाच द्यायची, पुरेपूर द्यायची. वेगळ्या ठिकाणी, उघड सांगून कोणी बायबल क्लास घेत असेल तर त्याला माझी हरकत नाही. आडून नको एवढंच.

जेवणाच्या वेळी मात्र मी क्रुसाची खूण करते, लपवत नाही. मुलं पांढऱ्या टोप्या, एप्रन घालून एकमेकांना वाढतात, मग सगळे हात जोडून 'इतादाकिमास' म्हणतात, म्हणजे समोरच्या अन्नाबद्दल कृतज्ञता, त्याच्या आधी माझी खूण होते. एकाने विचारलं हे काय, मी म्हटलं अन्नासाठी देवाचे आभार. तो म्हणाला, मग आमच्यासारखंच की. बरोबर बोलला तो. त्या दिवशी जेवणात पाव होता. जपानीत त्याला 'पान' म्हणतात. मी सांगितलं आमच्याकडे पाव म्हणतात, तुमचा पान आणि आमचा पाव दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दातून आलेत. वर्गशिक्षकांना हे इतकं आवडलं की त्यांनी फळ्यावर नकाशाच काढला, लिस्बन, गोवा, वसई, नागासाकी.

आणि त्याच वाटेने साडेचारशे वर्षांपूर्वी आमच्या वसईचा एक मुलगा इथे आला होता. संत गोन्सालो गार्सिया. वसईकरांना सांगायला नको, गासच्या चर्चला त्यांचं नाव आहे, कॉलेजला आहे. बाकीच्यांसाठी सांगते, बाप पोर्तुगीज, आई वसईकडची, पंधरा-सोळाव्या वर्षी जेजुइट संघाच्या फादरांबरोबर ते जपानला आले, भाषा शिकले, पुढे व्यापार केला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात ब्रदर झाले. फादर नव्हते ते, ब्रदर, म्हणजे संघातले व्रतस्थ पण धर्मगुरू नव्हेत. 1593 मध्ये फ्रान्सिस्कन फादरांबरोबर परत जपानला आले ते दुभाषी म्हणून, कारण त्यांना जपानी उत्तम येत होतं. राज्यकर्ता होता हिदेयोशी, त्याच्यासमोर बोलणं गोन्सालोंनीच केलं. 1597 च्या जानेवारीत, ऐन थंडीत, त्यांना आणि बाकीच्यांना कान कापून क्योतोपासून नागासाकीपर्यंत चालवत आणलं आणि 5 फेब्रुवारीला निशिझाका टेकडीवर 26 जणांना क्रुसावर मारलं. सगळ्यात लहान लुदोविको, बारा वर्षांचा.

लहानपणापासून आम्ही त्यांच्या मरणाचं ऐकत आलोय. इथे आल्यावर मला त्यांचं जगणं दिसायला लागलं. पंधरा वर्षांचा पोरगा, वसईहून निघालेला, कुणीतरी असंच त्याचं 'झो' दुरुस्त केलं असेल ना? डिक्शनरी नाही, ॲप नाही, माणसांत बसून ऐकून ऐकून शिकला. बाहेर शिकवायला जाणाऱ्यांनी आधी शिकायला पाहिजे असं मी सारखं म्हणते ते त्यांच्यामुळे. आम्ही दोघं रोज रात्री तासभर जपानी घेऊन बसतो, कितीही दमलो तरी.

निशिझाका नागासाकी स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर आहे. 26 जणांचे ब्राँझचे पुतळे एका ओळीत आहेत, 1962 मध्ये उभारलेले, म्हणजे त्यांना संतपद मिळालं 1862 ला त्याला शंभर वर्षं झाली तेव्हा. त्यात क्रूस दाखवलेले नाहीत, फक्त माणसं आहेत, आणि कोणाचेही पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पहिल्यांदा गेलो तेव्हा नवऱ्याने तिथे उभं राहून मराठीत 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हटली, मोठ्याने.

पुढे 1614 ला धर्मावर बंदी आली ती 1873 पर्यंत. त्या अडीचशे वर्षांत इथल्या शेतकऱ्या-कोळ्यांनी फादरांशिवाय, चर्चशिवाय, घरातल्या घरात प्रार्थना जपल्या. आणि शब्द बघा. नाताळला ते 'नातारा' म्हणायचे, क्रुसाला 'कुरुसु', पाद्रीला 'बातेरेन'. आपलेच शब्द! 1865 मध्ये, बंदी असतानाच, नागासाकीजवळच्या उराकामीचे काही लोक परदेशी लोकांसाठी बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये आले आणि एका बाईने फ्रेंच फादरांना हळूच सांगितलं की आमचं मन आणि तुमचं मन एक आहे. हे वाचताना माझा आजही कंठ दाटतो. आणि त्याच उराकामीवर 9 ऑगस्ट 1945 ला सकाळी 11 वाजून 2 मिनिटांनी बाँब पडला. तिथल्या सुमारे 12,000 कॅथलिकांपैकी साडेआठ हजाराच्या आसपास गेले. दरवर्षी त्या दिवशी उन्हाळी सुट्टी असूनही आमची मुलं शाळेत येतात, 11:02 ला सायरन वाजतो, सगळे उभे राहतात. पहिलीतली चिमुरडी पोरंसुद्धा हलत नाहीत.

रविवारच्या मिस्साला आम्ही चपला बाहेर काढून आत जातो, गावातल्या चर्चमध्ये तशीच पद्धत आहे, म्हाताऱ्या बायका डोक्यावर पांढरी ओढणी घेतात. शांतीच्या अभिवादनाला इथे हात जोडून वाकतात. आपल्याकडे पण हातच जोडतो ना! पहिल्या रविवारी भाषा काहीच कळत नव्हती, पण त्या क्षणी मला एकदम वसईतच बसल्यासारखं झालं.

सगळं गोड आहे असं नाही. 25 डिसेंबरला सुट्टी नसते, नाताळला इथे लोक चिकन आणि स्ट्रॉबेरीचा केक खातात आणि विषय संपतो. घरची आठवण आली की जीव कासावीस होतो. पहिल्या महिन्यात आमची कचऱ्याची पिशवी चुकीच्या दिवशी ठेवली म्हणून स्टिकर लावून तशीच सोडली होती, मला रडूच आलं. तेव्हा शेजारच्या आजी आल्या, भिंतीवर कॅलेंडर लावून दिलं, जळणारा कचरा कधी, बाटल्या कधी, प्रत्येक वारावर चित्र काढून. त्या बौद्ध आहेत, रोज सकाळी घरातल्या देव्हाऱ्यासमोर घंटा वाजवतात, पातळ भिंतीतून ती आम्हाला ऐकू येते आणि त्याच वेळी आमची सकाळची प्रार्थना असते. मे-जूनमध्ये त्या आम्हाला बिवा देतात, छोटं पिवळं फळ, नागासाकीचं नाव आहे त्यात. गेल्या वर्षी मी त्यांना आपली सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, दिली. त्यांनी एक तुकडा खाल्ला, डोळे मिटले, आणि बाकीची देव्हाऱ्यात त्यांच्या नवऱ्याच्या फोटोपुढे नेऊन ठेवली.

आईला सांगितलंय, यावेळी दोन पाकिटं जास्त पाठव.