‘गणित डोक्यातच असावं लागतं’ : फोंड्याच्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

ग्रोथ माइंडसेट, म्हणजे क्षमता जन्मतः ठरलेली नसते, ती वाढवता येते ही समजूत. त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. हे अमेरिकेतलं फॅड आहे आणि पुढच्या अभ्यासांत ते टिकलं नाही, हा पहिला. ‘तू करू शकतोस’ म्हटल्यानं कुणाला बीजगणित येत नाही, हा दुसरा. आणि तिसरा तुमच्याच शब्दांत, ‘गाणं जसं गोव्याच्या मातीत, तसं गणित डोक्यातच असावं लागतं.’ पहिल्या दोन्हींत तुमचं बरंचसं बरोबर आहे. तिसऱ्यावर मात्र भांडण. वर जाता जाता ‘एवढा वेळ कुणाला?’ असा टोलाही हाणलात, त्याचं शेवटी.

आकड्यांचं आधी उरकू. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा मुलांना ही समजूत शिकवणाऱ्या उपक्रमांचा गुणांवरचा सरासरी परिणाम ०.०८ प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) एवढाच निघाला. वर्गातल्या गुणांचं प्रमाण विचलन १५ धरलं, तर १०० पैकी जेमतेम सव्वा गुण. इंग्लंडमध्ये १०१ शाळांत दहा-अकरा वर्षांच्या मुलांवर मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये निकाल आला: जादा प्रगती शून्य. त्याच वर्षी अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे १२,००० मुलांचा अभ्यास छापून आला. मुलांनी हे शिकण्यात संगणकावर एकूण तासाभराहूनही कमी वेळ घालवला होता. त्यात कमी गुणांच्या मुलांची सरासरी ४ च्या मोजपट्टीवर ०.१० ने वर गेली. आणि तो फायदा टिकला तो जिथे सोबतची मुलंही कठीण गणिताला हात घालत होती तिथेच. तासाभराच्या खर्चात एवढं मिळालं तर वाईट नाही, पण चमत्कारही नाही. ‘आयुष्य बदलून जातं’ हे लेखातलं वाक्य मी काढून टाकलं आहे.

आता ‘तू करू शकतोस’. ही कल्पना मांडणाऱ्या कॅरल ड्वेक यांनीच २०१५ मध्ये तक्रार केली होती की शाळांनी याचं नुसत्या मेहनतीच्या कौतुकात रूपांतर करून टाकलं. चुकीच्या पद्धतीनं चार तास घासलेल्या मुलाला ‘शाबास, किती कष्ट केलेस’ म्हटलं की तो उद्या पाच तास तसंच घासतो. आणि मुलं खुळी नसतात. गणित चुकलंय हे दिसत असताना कौतुक झालं की आपल्याकडून कुणाला काही अपेक्षाच उरलेली नाही, एवढं त्यांना बरोबर कळतं. भिंतीवरच्या रंगीत पोस्टरांबद्दल न बोललेलंच बरं.

मातीतल्या गाण्याचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं. फोंडा तालुक्यातल्याच केरीच्या गायिका केसरबाई केरकर यांनी १९२१ पासून जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांची तालीम घेतली. त्याआधी अब्दुल करीम खाँ, वझेबुवा, भास्करबुवा बखले यांच्याकडे शिकून झालं होतं. मैफली गाजू लागल्या तरी खाँसाहेब १९४६ मध्ये जाईपर्यंत शिकणं सुटलं नाही. गळा उपजत होता, नाही कोण म्हणतो? सगळे सारखेच जन्माला येतात असं ग्रोथ माइंडसेट म्हणतच नाही. आज जिथे आहे तिथून पुढे सरकता येतं, एवढाच त्याचा दावा आहे.

कुठल्याही तबल्याच्या वर्गात जाऊन बसा. मूल ‘धा धा तिरकिट धा धा तू ना’ हा कायदा (तबल्यातली ठरावीक बोलरचना) वाजवतंय आणि दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, तिरकिट चेपलं जातंय. गुरुजी ‘मेहनत कर’ म्हणत नाहीत, ‘तुझ्या हातात तबला नाही’ असंही म्हणत नाहीत. ते कायदा थांबवतात, तिरकिट वेगळं काढतात, नुसतं तेवढंच ठाय, म्हणजे संथ, लयीत वाजवून घेतात, कुठलं बोट उशिरा पडतंय ते बघतात. चारही अक्षरं सुटी ऐकू आली की ते परत कायद्यात बसवायचं आणि मगच लय वाढवायची. लय चढवायची घाई झाली की चेपलेलं तिरकिटच हाताला वळण म्हणून बसतं, मग ते काढायला दुप्पट वेळ. हाच गृहस्थ संध्याकाळी मुलाची गणिताची वही बघून म्हणतो, ‘याला गणिताचं डोकंच नाही.’ मला नवल वाटतं ते याचं.

तिरकिटसारखंच गणितात करता येतं. मुलानं लिहिलं: (अ + ३)² = अ² + ९. लाल फुली मारून खाली सूत्र लिहून दिलं, तर तो सूत्र उतरवून घेतो आणि सहामाहीला पुन्हा तेच लिहितो. त्याऐवजी ‘अ’च्या जागी १ घालायला सांगा. डावीकडे १६ येतात, उजवीकडे १०. उत्तर चुकलं हे त्याचं त्यालाच दिसलं. मग अ + ३ बाजूचा चौरस काढून त्याचे चार तुकडे करायचे: अ², ९, आणि ३अ चे दोन आयत. वहीत शेरा लिहायचा तो एवढाच: ‘दोन आयत कुठे गेले?’ हा शेरा कौतुकही करत नाही, टोचतही नाही; पुढे काय करायचं ते सांगतो.

त्यासाठी एक चूक-वही ठेवावी. पानावर तीन गोष्टी: चुकलेली ओळ जशीच्या तशी, चुकीची जात (कल्पनाच कळली नाही, पायरी गाळली, की घाई झाली), आणि त्याच जातीचं एक नवीन गणित. तेच गणित पुन्हा देऊ नये, उत्तर पाठ असतं. नवीन गणित दोन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग तीन आठवड्यांनी, मागचं पान न बघता. लगेच सोडवलेलं बरोबर येतंच, त्यावर विश्वास ठेवू नये. ही पद्धत फसते ती बहुधा चुकीच्या जातीपाशी. मुलं प्रत्येक चुकीपुढे ‘घाई’ लिहितात, कारण ‘कळलं नाही’ लिहायची लाज वाटते. एकच चूक तीनदा ‘घाई’ म्हणून आली, तर ती घाई नव्हे. तिथे परत शिकवावं लागतं. चवथीच्या सुट्टीत खंड पडतो, तेव्हा नव्या चुका घेऊ नयेत, जुन्यांचीच उजळणी.

राहिला तुमचा शेवटचा टोला, ‘चाळीस मुलांच्या वर्गात एवढा वेळ कुणाला?’ चाळीसही वह्या रोज तपासायच्या नाहीत. रोज पाच घ्या, आठ दिवसांत फेरी पूर्ण होते. त्या पाचांतली एकच चूक, नाव न घेता, तासाच्या पहिल्या सात-आठ मिनिटांत फळ्यावर लिहा आणि ‘असं लिहिणाऱ्यानं काय विचार केला असेल?’ असं विचारा. पहिल्या आठवड्यात वर्ग हसेल. हसू देऊ नका, आणि दुसऱ्या आठवड्यात फळ्यावर एखादी चूक मुद्दाम स्वतःची म्हणून घाला.