फोंतने मठाचा साधेपणा गरिबीतून आलेला नाही

फ्रान्समधील फोंतने येथील सिस्टर्शियन या ख्रिस्ती भिक्षूंच्या पंथाच्या मठाच्या छायाचित्रासोबत ‘पैसे संपल्याने चर्चचे नक्षीकाम राहून गेले’ असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. संत बेनेडिक्ट यांनी भिक्षूंसाठी घालून दिलेले नियम काटेकोरपणे पाळावेत म्हणून १०९८ मध्ये फ्रान्समधील सीतो येथे सुरू झालेल्या या सुधारक पंथाने शिल्पे, रंगीत काचा आणि दगडी घंटामनोरे जाणूनबुजून वर्ज्य केले होते. ११४७ मध्ये अर्पण झालेल्या या चर्चच्या मधल्या दालनाला वरच्या खिडक्याच नाहीत. टोकदार कमानीच्या दगडी छताखाली उजेड येतो तो मुख्यतः दोन्ही टोकांकडून, आणि उघड्या दगडावर तो इतका नितळ पसरतो की या रचनेला अपुरी म्हणणे अन्यायाचे ठरेल. शिवाय गरिबीचा तर्कही टिकत नाही: याच आवारात भिक्षूंनी पाण्याच्या बळावर चालणारा लोखंडाचा कारखाना उभारला होता.