बनियनवरचे पाहुणे

लेकीला शाळेत पक्ष्यांचा प्रकल्प मिळाला होता. प्रकल्प मुलांना मिळतो आणि पालक करतात, त्यामुळे जानेवारीतल्या एका रविवारी, माझ्या साखरझोपेच्या वेळी, मी ऐरोलीला लाइफजॅकेट घालून बोटीत बसलो होतो.

बोट भरती बघून सुटते. माझे आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे. दशमी होती, म्हणजे साडेसात. बरोब्बर जमलं! त्या खुशीत मी लेकीला ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याची माहिती दिली. 2015 साली जाहीर झालं, 2022 साली रामसर यादीत गेलं. "हे राम सर कोण?" तिने विचारलं. ते इराणमधलं गाव आहे, तिथे 1971 साली पाणथळ जागांचा करार झाला, हे मलाही आदल्या रात्रीच कळलं होतं. तोवर मीही त्यांना सरच समजत होतो.

फ्लेमिंगो ओळखायला अक्कल लागत नाही. खरी परीक्षा ओहोटीला चिखल उघडा पडल्यावर सुरू झाली. शेकाट्या सुटला, कारण एवढ्या लांब लाल काड्यांवर दुसरं कोण उभं राहणार? बाकी सगळे तपकिरी.

"बाबा, तो कोण?"

"तुतवार."

"चिखल्या," बोटीवरचे गाईडदादा म्हणाले. "चार पावलं धावतो, थबकतो, टोचतो. तुतवार सारखा बुड हलवतो."

पुन्हा पाहिलं. खरंच, किल्ली हरवलेल्या माणसासारखा तो धावत होता, थांबत होता, वाकत होता. पुढच्याला मी आत्मविश्वासाने चिखल्या म्हटलं. तो बुड हलवायला लागला.

"यातल्या बऱ्याच जणांचे रंग विणीच्या हंगामात खुलतात," दादांनी माझं सांत्वन केलं. "तेव्हा ते तिकडे सायबेरियाकडे असतात. इथे येतात तोवर रंग उतरलेला."

म्हणजे ठेवणीतले कपडे सासरी, आणि आमच्याकडे बनियनवर! वर ओळखायचं मात्र आम्ही.

तेवढ्यात चिखलात काहीतरी टुणकन उडालं. बटबटीत डोळे, ओलं अंग, कल्ल्याजवळच्या परांवर रेटत चाललेलं.

"निवटी!" मी ओरडलो.

"बरोबर," दादा म्हणाले.

लेकीने वहीत लिहून घेतलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिलं. "बाबा, तुला कसं रे कळलं?"

"निरीक्षण," मी म्हणालो.

दादा इथल्याच कोळीवाड्यातले. त्यांनी इंजिनाकडे तोंड फिरवलं आणि हळूच विचारलं, "कालवण की सुकं?"