गिरणगाव लाल झाला तो रशियन पुस्तकांमुळे?

मुंबईतल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. सार असं: मॉस्कोच्या सरकारी प्रकाशनानं आपल्याकडे फुकट पुस्तकं ओतली, मराठीचा गंध नसलेल्या रशियनांनी ती भाषांतरित केली, त्यांत प्रचाराशिवाय काही नव्हतं आणि ती वाचूनच गिरणगाव लाल झाला.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, तो लवकर निकालात निघतो. गिरणी कामगार युनियन 1928 ची, सहा महिन्यांचा मोठा संपही त्याच वर्षीचा. परभाषांत पुस्तकं काढणारी मॉस्कोतली संस्था जन्माला आली 1931 मध्ये. साठच्या दशकात तिचंच 'प्रोग्रेस' झालं. म्हणजे आधी संप, मग पुस्तकं. राहिला 1982 चा संप, तर त्याचे नेते दत्ता सामंत काँग्रेसच्या इंटक या कामगार संघटनेतून आलेले. त्यांना कम्युनिस्ट ठरवायचं म्हणजे कमालच.

आता फुकटाचं. फोर्टातल्या पीपल्स बुक हाऊसमध्ये ही पुस्तकं पैसे मोजूनच मिळायची. किंमत कमी असायची, कारण तोटा सोव्हिएत सरकार सोसत होतं आणि त्या देशाशी आपला व्यापार डॉलरऐवजी रुपयांत चाले. आपलं राज्य सरकारही चर्नी रोडच्या ग्रंथागारात स्वतःची प्रकाशनं पडत्या भावात विकतंच की!

'मराठीचा गंध नसलेले रशियन' हे तर ऐकीव. ज्या भाषेत पुस्तक काढायचं, त्या भाषेची माणसं मॉस्कोत नेऊन नोकरीला ठेवायची, अशी ती पद्धत होती. हिंदीसाठी भीष्म साहनी 1957 ते 1963 तिथे होते, बंगालीसाठी ननी भौमिक, मराठीसाठी अनिल हवालदार. भाषांतरं सगळीच सरस होती असं मी म्हणणार नाही. काही वाक्यं वाचताना दाताखाली खडा यायचा.

खरा वाद प्रचाराचा. प्रचार होताच. लेनिनचे खंड, पक्षाच्या अधिवेशनांचे अहवाल, सगळं यायचं, आणि घरोघर त्याची पानं न उलटता धूळ खायची. पण मॉस्कोच्याच 'मीर' प्रकाशनाचं इरोडोव्हचं पुस्तक घ्या. भौतिकशास्त्राच्या त्या गणितांत कसला आलाय समाजवाद? आयआयटीच्या तयारीला बसलेली पोरं आजही त्यावर डोकं फोडतात.

मुलांच्या पुस्तकांत मात्र गंमत आहे. रशियन लेखक गायदारची 'चुक आणि गेक' ही गोष्ट पाहा. दोघा भावांच्या भांडणात एक डबी खिडकीबाहेर भिरकावली जाते आणि नेमकी तीत वडिलांची तार असते. मग दोघांचं ठरतं: आईनं तारेबद्दल विचारलं तर खरं सांगायचं, नाही विचारलं तर आपण होऊन बोलायचं नाही. वडिलांकडे, थेट तैगाच्या जंगलात पोचेपर्यंत हे गुपित पोटात! शेवटच्या पानावर क्रेमलिनचं घड्याळ वाजतं आणि सुखी सोव्हिएत देशावर प्रेम करण्याचा उपदेश येतो. हा प्रचारच, दुसरं काय? पण तो त्या एका पानात मावतो. मुलांच्या लक्षात राहते ती तार.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याला टीकाच करायची होती, तर जागा वेगळी होती. जे छापलं त्यापेक्षा जे छापलं नाही, त्यात सरकारी हात जास्त दिसतो. प्रोग्रेसच्या इंग्रजी पुस्तकांच्या शेवटी वाचकांना विनंती असायची: भाषांतर आणि मांडणी कशी वाटली ते कळवा, पुढे काय प्रकाशित करावं तेही सुचवा. खाली झुबोव्स्की बुलेव्हार्ड, मॉस्को हा पत्ता. पास्तरनाकची 'डॉक्टर झिवागो' सुचवणारं पत्र एखाद्या दादरकरानं तिथे धाडलं असतं, तर त्याला काय उत्तर आलं असतं? कादंबरी इटलीत 1957 लाच बाहेर पडली होती. खुद्द रशियात ती छापायला 1988 उजाडलं.